एफईचं वर्ष: नव्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. मी एफईला, म्हणजे या पहिल्या वर्षाला (फर्स्ट इयर), गणित शिकवते. उदाहरणं बहुतेक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली आहेत, कारण तिथलं मला आतून माहीत आहे. मुंबईत, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा एखाद्या स्वायत्त महाविद्यालयात गुणांची विभागणी वेगळी असेल, दुखणी मात्र तीच असतात. सगळं सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

सीईटीला ९६ पर्सेंटाइल होते. पहिल्याच चाचणीत ३० पैकी ९ आले. मी इंजिनिअरिंगच्या लायकीचाच नाही का?

हा प्रश्न दर सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा वर्गातला हुशार मुलगा किंवा मुलगी असते. बारावीला तुम्ही एकच अभ्यासक्रम तीनदा केला होता: एकदा कॉलेजात, एकदा क्लासमध्ये, एकदा टेस्ट सिरीजमध्ये. कुणीतरी रोज सकाळी वेळापत्रक हातात देत होतं आणि रविवारी पेपर घेत होतं. इथे सत्र साधारण पंधरा-सोळा आठवड्यांचं. त्यातून गणपती, दसरा, दिवाळी वजा करा. प्रत्येक भाग एकदाच शिकवला जातो आणि तुम्ही तो केला की नाही हे विचारायला कुणी येत नाही.

दुसरी गोष्ट पेपरची. सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न, चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्यामुळे दोन वर्षं तुम्ही उत्तरापर्यंत लवकर पोहोचायचा सराव केला. इथे तपासणारा पायऱ्यांना गुण देतो. अंतिम उत्तर चुकलं तरी सहापैकी चार मिळू शकतात, आणि नुसतं उत्तर बरोबर लिहिलं तर एखादाच मिळतो. ९ गुणवाल्या उत्तरपत्रिका मी उघडून बघते तेव्हा अर्ध्यांमध्ये गणित डोक्यात झालेलं असतं, कागदावर उतरलेलं नसतं.

उपाय अगदी साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. ज्या दिवशी जे शिकवलं, त्यातली दोन गणितं त्याच संध्याकाळी, वही मिटून, पूर्ण पायऱ्यांसह सोडवायची. रविवारी आठवड्याचं सगळं एकदम करू, हा बेत मी आजवर कुणाचाच यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

मी कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत आले. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झालेत. मागचं कसं भरून काढू?

मागचं भरून मग पुढचं करू, असं ठरवू नका. आज वर्गात जे चाललंय त्याला आधी पकडा. मागचा भाग बाजूला ठेवा आणि रोज तासभर त्याला द्या. दोन अपवाद. मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम आणि ग्राफिक्समध्ये प्रोजेक्शनची मूळ कल्पना, या दोन्हीशिवाय पुढचं काहीच कळत नाही. त्या पहिल्या दोन दिवसांतच कुणाकडून तरी बसून समजून घ्या.

वही मागायची तर सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलीची मागू नका. जिच्या वहीत खाडाखोड आणि समासात प्रश्नचिन्हं आहेत तिची मागा. आणि प्रॅक्टिकलच्या बॅचचं आधी बघा. राहिलेले प्रयोग कधी करून घेणार हे लॅबच्या सरांना पहिल्याच आठवड्यात विचारलंत तर ते वेळ देतात. नोव्हेंबरात विचारलंत तर लॅबमध्ये रांग असते.

एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, इतका अवघड का वाटतो?

कारण तो ओळखीचा दिसतो. डिफरन्सिएशन झालंय, मॅट्रिक्स झालेत, म्हणून पहिले दोन आठवडे मुलं निवांत असतात. मग पार्शल डिफरन्सिएशन येतं आणि बारावीची सवय आड येते.

एक उदाहरण दरवर्षी देते. एक्स = आर कॉस थीटा घ्या. एक्सचं आरच्या सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह काढलं तर कॉस थीटा येतं. आता आरचं एक्सच्या सापेक्ष किती? वर्गातले तीन चतुर्थांश हात वर होतात: ‘उलटं करायचं, एक भागिले कॉस थीटा.’ काढून बघा. आर वर्ग = एक्स वर्ग + वाय वर्ग, त्यावरून उत्तर एक्स भागिले आर, म्हणजे पुन्हा कॉस थीटाच येतं. पहिल्या वेळी थीटा स्थिर धरला होता, दुसऱ्या वेळी वाय. काय स्थिर आहे हे बदललं की डेरिव्हेटिव्हचा अर्थच बदलतो. हे एकदा नीट बसलं की अर्धं युनिट सुटतं. नाही बसलं तर पुढचा जेकोबियनही पाठांतराचा विषय होऊन बसतो. म्हणून प्रत्येक गणितात आधी कोण कुणावर अवलंबून आहे त्याची झाडासारखी आकृती काढा, फांद्यांवर चल लिहा, मग पेन चालवा.

फुरियर सिरीजमध्ये वेळ इंटिग्रेशनमध्ये जातो. अंतराल उणे पाय ते पाय असं सममित असेल तर फंक्शन सम आहे की विषम हे आधी तपासा. निम्मे कोएफिशंट शून्य होतात आणि त्यांच्यावर पान घालवावं लागत नाही. मॅट्रिक्सची रँक काढताना कल्पना कुणाची चुकत नाही, वजाबाकी चुकते. रो ऑपरेशन प्रत्येक ओळीशेजारी लिहायची सवय लावा, म्हणजे चूक कुठे झाली ते तरी सापडेल.

कॅल्क्युलेटर कॅसिओचा ९९१ बहुतेक जण घेतात, तो चालतो. पण त्यावर मॅट्रिक्सचं उत्तर पडताळा, काढू नका.

ग्राफिक्समध्ये (इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये) मला काही दिसतच नाही. सगळे म्हणतात इमॅजिन कर. कसं करू?

दिसत नाही हे खरं असतं. त्याला आळस म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बारावीपर्यंत त्रिमिती वस्तू कागदावर उतरवायचं काम तुम्हाला कुणी दिलेलंच नाही. डिप्लोमा करून आलेली मुलं यात तरबेज असतात, पण ती थेट दुसऱ्या वर्षाला येतात. त्यामुळे वर्गात कुणीच तयार नसतं आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच मठ्ठ.

हात वापरा. कपडे धुण्याचा साबण घ्या, सुरीने त्याला पुस्तकातल्या ब्लॉकचा आकार द्या: एक खाच, एक उतार, एक भोक. तो डोळ्यांच्या उंचीवर धरा, एक डोळा मिटा, समोरून जे दिसतं ते काढा. मग वरून. मग बाजूने. चार-पाच साबण वाया गेले की पुस्तकातला आयसोमेट्रिक बघून ब्लॉक मनात फिरवता येऊ लागतो. डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस असेल तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा कोन किंवा प्रिझम खरोखर कापून दुमडून बघा.

एक सूचना व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी. भारतीय मानक ब्युरोच्या पद्धतीप्रमाणे आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं. वस्तू बघणारा आणि प्रतल यांच्या मध्ये असते, फ्रंट व्ह्यू एक्सवाय रेषेच्या वर, टॉप व्ह्यू खाली, आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजव्या हाताला. अमेरिकी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात, तिथे हे सगळं उलट. रात्री एक व्हिडिओ बघून सकाळी शीटवर टॉप व्ह्यू वर काढणारे दरवर्षी भेटतात.

बाकी किरकोळ: कन्स्ट्रक्शन लाइनसाठी २एच, ठळक रेषेसाठी एच किंवा एचबी. ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डवर रेषा काढायचं साधन) सीनियरकडून जुना घ्या, पण स्क्रू ढिले नाहीत ना ते बघून. शीट जर्नलमधून छापायची तर छापा, मी थांबवू शकत नाही. पण परीक्षेत समोर कोरा कागद असतो.

मी कॉम्प्युटरला आलोय. मग वर्कशॉपमध्ये कानस का घासायची? आणि पुन्हा फिजिक्स-केमिस्ट्री?

पहिलं वर्ष बहुतेक शाखांना समान ठेवलेलं असतं म्हणून. याहून थोर कारण मी देणार नाही. पण फिटिंगचा जॉब करताना कडेला गुण्या लावून उजेडासमोर धरा आणि फट दिसतेय का बघा. ‘सपाट’ या शब्दाला मोजमाप असतं हे तिथे कळतं, आणि सॉफ्टवेअरवाल्यालाही ते कळलेलं बरं. बूट घालून जा, केस बांधा, सैल बाह्या नकोत.

फिजिक्स-केमिस्ट्री गुण मिळवून देणारे विषय आहेत. लेझर, इंटरफेरन्स, सेमीकंडक्टर. पाण्याचा कठीणपणा, गंज, इंधनं. बारावीवाल्याला यातलं बरंच माहीत असतं. या विषयांत ज्यांची बॅक लागते, म्हणजे विषय राहतो, त्यांनी अभ्यास अवघड म्हणून सोडलेला नसतो, सोपा म्हणून सोडलेला असतो.

वर्गातल्या निम्म्यांना कोडिंग येतं. मी कधी केलेलंच नाही.

निम्म्यांना येत नाही, चार जणांना येतं आणि ते पहिल्या बाकावर मोठ्याने बोलतात. सी असो वा पायथन, अभ्यासक्रम शून्यापासून सुरू होतो. रोज एक छोटा प्रोग्रॅम स्वतः टाइप करायचा, चिकटवायचा नाही. चूक आली की संदेश पूर्ण वाचायचा, त्यात ओळ क्रमांक दिलेला असतो. दिवाळीपर्यंत त्या चार जणांत आणि तुमच्यात फार फरक उरत नाही.

मी मराठी माध्यमातून आलोय. लेक्चर डोक्यावरून जातं.

पहिले महिना-दीड महिना जातं. सेमी इंग्रजीवाल्यांचंही जातं, ती कबूल करत नाहीत. गणित आणि विज्ञान तुम्हाला येतं, फक्त वाक्यं अनोळखी आहेत. उद्या जो भाग शिकवणार त्यातली दोन पानं आदल्या रात्री वाचून जा. समजलं नाही तरी चालेल, शब्द कानाला नवे राहणार नाहीत. शिक्षकांना मराठीत शंका विचारा. पुणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, कुठेही बहुतेक शिक्षकांना त्यात काही अडचण नसते. ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडलात तर सरळ सांगा, ‘सर, मराठीत सांगू का?’ बरेच एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, हो म्हणतात. मात्र व्याख्या आणि नियम इंग्रजीतच लिहून लिहून तयार ठेवा, कारण पेपर त्या भाषेत द्यायचा आहे.

तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कॉम्प्युटरची मराठी तुकडीही सुरू झाली. तुम्ही त्या तुकडीत नसलात तरी एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं मोफत आहेत. इंग्रजी पुस्तक उघडं ठेवून शेजारी ती वाचा. भाषा अंमळ जड आहे, पण संकल्पना अडली की उपयोगी पडतात.

७५ टक्के हजेरी खरंच बघतात का?

बघतात. डिफॉल्टर लिस्ट लागते, जीएफएमकडून (तुमच्या गटाचे पालक-शिक्षक) घरी फोन जातो, टर्मवर्कचे (सत्रभराच्या कामाचे) गुण अडतात आणि काही ठिकाणी परीक्षेचा फॉर्मही. आजारी असाल तर डॉक्टरचा कागद त्याच आठवड्यात द्या, सत्र संपताना मागच्या तारखेचा आणू नका. मास बंकच्या दिवशी काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. प्रॉक्सी लावू नका, पकडला जातो तो लावणारा, आणि तो बहुधा तुमचा चांगला मित्र असतो.

सबमिशन म्हणजे नक्की काय? सगळे छापतात, मग मी का नको?

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या विषयांच्या फाइली, जर्नलं, असाइनमेंट, शीट सह्या घेऊन जमा करायच्या. सगळेच शेवटच्या चार दिवसांत लिहायला बसतात म्हणून हॉस्टेलवर रात्रभर दिवे चालू असतात आणि नाइट मारल्याच्या बढाया चालतात. पंधरवड्याला होतील तेवढे प्रयोग लिहून सही घेत गेलात तर तुम्हाला ते चार दिवस मोकळे मिळतात, आणि परीक्षेच्या आधी मोकळे चार दिवस फार मोठे असतात.

छापण्याबद्दल माझं मत थोडं उदार आहे. सिद्धांताचा भाग, प्रयोगाचा उद्देश, साहित्याची यादी हे छापलंत तर आकाश कोसळत नाही. निरीक्षणं, गणन आणि आलेख मात्र स्वतःचे. ओरलला एक्स्टर्नल बरोबर तिथेच बोट ठेवतो: हा बिंदू रेषेबाहेर का गेला? ज्याने प्रयोग केला त्याला उत्तर माहीत असतं.

पुस्तकं घेऊ की झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्सवर भागेल?

पास व्हायला भागेल. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्समध्ये ‘आयएमपी’ प्रश्नांचे गठ्ठे मिळतात आणि त्यातलं बरंच पेपरात येतंही. पण ते पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, वापरायचं हत्यार आहे, ऑगस्टमध्ये नाही. गणित, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकलला एक-एक जाड संदर्भग्रंथ लायब्ररीतून काढा. विकत घ्यायची गरज नाही, बुक बँक असेल तर वर्षभर मिळतो. शिक्षकांचं शिकवणं पटलं नाही तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. ती संथ वाटतात, वेग वाढवून ऐका. मागच्या पाच वर्षांचे पेपर मात्र पहिल्या महिन्यातच आणून टेबलासमोर ठेवा, प्रश्न कशा भाषेत विचारतात ते कळतं.

बॅक, केटी, एटीकेटी, वायडी: घाबरायचं कशाला?

बॅक म्हणजे राहिलेला विषय. मुंबईकडे केटी म्हणतात. एटीकेटी म्हणजे विषय राहिलेले असूनही पुढच्या वर्षात बसायची परवानगी. ती नाही मिळाली तर वायडी, म्हणजे वर्ष घरी. साधारण नियम असा की पहिल्या वर्षाचे ठराविक क्रेडिट मिळाले की दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण तिसऱ्या वर्षात शिरताना पहिल्या वर्षाचं सगळं सुटलेलं लागतं. आकडा तुमच्या पॅटर्नच्या, म्हणजे ज्या वर्षीचा अभ्यासक्रम तुम्हाला लागू आहे त्याच्या, नियमपत्रकात असतो. सीनियरच्या तोंडून ऐकू नका, कारण त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो.

एक बॅक लागली म्हणून आयुष्य बिघडत नाही. अनेक कंपन्या कॅम्पसला येताना ‘लाइव्ह बॅकलॉग नको’ एवढंच बघतात, सुटलेल्या विषयाबद्दल विचारतही नाहीत. त्रास वेगळाच असतो: राहिलेला एम-वन डोक्यावर घेऊन पुढच्या सत्रात एम-टू करायचा, दोन्हींचे पेपर एकाच हंगामात. त्यातून दोनाचे तीन होतात. म्हणून बॅक लागली तर निकालाच्या आठवड्यातच तो विषय पुन्हा उघडा.

दुसऱ्या वर्षी ब्रांच बदलून मिळेल का?

मिळू शकते. हव्या त्या शाखेत जागा रिकाम्या असल्या पाहिजेत, बॅक नसली पाहिजे आणि गुणानुक्रमे नंबर लागला पाहिजे. कॉम्प्युटरला जागा क्वचितच रिकाम्या होतात. प्रयत्न करा, त्या निमित्ताने सीजीपीए चांगला येईल. पण ‘मी इथे वर्षभरापुरताच’ असं धरून मेकॅनिकलच्या किंवा सिव्हिलच्या मुलांशी ओळखच करून घेतली नाही, असं होऊ देऊ नका.

लॅपटॉप लगेच घ्यावा लागेल का?

नाही. पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबवर निघतं. घरची ओढाताण असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत थांबा, तोवर आपल्या शाखेला काय लागतं ते कळलेलं असेल. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, चोरटी प्रत घेऊ नका.

हॉस्टेल नाही मिळालं. कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका खाटेच्या भाड्याने) राहतोय, मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही.

मेस महिन्याचे पैसे भरून लगेच पक्की करू नका. दोन-तीन ठिकाणी सुटं ताट खाऊन बघा, तेही रविवारी नको, कारण रविवारी सगळीकडे फीस्ट असते. मंगळवारी रात्रीची भाजी खरी परीक्षा. खाडे किती दिवसांचे धरतात ते आधी विचारून घ्या. घरी गेलात की त्याचेच पैसे वाचतात. डबा लावणार असाल तर चौघांनी मिळून लावा, स्वस्त पडतो.

खोलीच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे: कॉलेजपासून चालत वीस मिनिटांच्या आत. दोन हजार वाचवून लांब राहणारी मुलं आठच्या लेक्चरला येत नाहीत, आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं. डिपॉझिट दिल्याचा लेखी कागद घ्या, मालक कितीही काका-काका असले तरी.

शिष्यवृत्तीचे पैसे येतच नाहीत. कुठे अडतं?

बहुतेक वेळा बँक खात्यात. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी जे जोडलं त्यात. अर्जावर लिहिलेल्या खात्यात पैसे दिसत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलीचे पैसे गावाकडच्या जुन्या खात्यात पडून असतात, असं घडतं. आधी ते तपासा. मग उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, नॉन क्रिमीलेयर यांच्या तारखा. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, एकदा भरला की झालं असं नाही.

मुलींनी हे लक्षात ठेवावं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, कॅपमधून आलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. मेस-हॉस्टेल त्यात नाही. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वेगळी: मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपये, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. राहण्या-खाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम अशा योजना आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवरच्या क्लार्कना या सगळ्याच्या तारखा तोंडपाठ असतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा आणि नम्रपणे विचारा. प्राचार्यांपेक्षा त्यांची ओळख जास्त कामाला येते.

सीनियर ‘इंट्रो’ द्यायला बोलावतात. जाऊ का?

नाव, गाव, गाणं म्हण, इथवर हसण्यावारी नेता येतं. रात्री बोलावणं, फोन काढून घेणं, कामं सांगणं, जात विचारणं, कपड्यांवरून किंवा शरीरावरून काही बोलणं, हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि शिक्षा झाली तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. तक्रार करताना नाव सांगायची भीती वाटत असेल तर तसं तिथेच सांगा.

आणि बहुसंख्य सीनियर चांगले असतात. जुन्या शीट, ड्राफ्टर, खोलीचा पत्ता, कोणत्या सरांना कधी भेटावं, हे सगळं त्यांच्याकडूनच मिळतं.

रोबोकॉन, बाहा, नाटक, हॅकेथॉन… कशात भाग घेऊ?

एका गोष्टीत. पुण्यात असाल तर फिरोदिया आणि पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमींचा वास तुम्हाला लागणारच, आणि तो एकदा लागला की सुटत नाही. जा. बॅकस्टेज करा, दिवे धरा, पहिल्या वर्षी एवढंच मिळतं. रोबोकॉनच्या (रोबो बनवायची स्पर्धा) किंवा बाहाच्या (गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्येही एफईवाल्याला स्क्रू आवळायला आणि सामान आणायला लावतात. ते काम आनंदाने करणाऱ्याच्या हातात तिसऱ्या वर्षी गाडीचं डिझाइन येतं. पाच क्लबांचे टी-शर्ट घेणाऱ्याला कुठेच कुणी ओळखत नाही. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मात्र तालीम असो की टेस्टिंग, आठ वाजता निघून यायचं. दिग्दर्शक ओरडेल, ओरडू द्या.

मन लागत नाही. झोप येत नाही. घरी सांगू शकत नाही.

घरची आठवण येणं, पहिला महिना रडू येणं, हे कित्येकांना होतं, मुलांनाही. एखाद्या शनिवार-रविवारी घरी जाऊन आलात तर त्यात कमीपणा नाही. एसटीचा सवलतीचा पास किंवा लोकलचं कन्सेशन मिळत असेल तर कॉलेजातून फॉर्म घ्या.

दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, वर्गात जाववत नाही, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, तर तो आळस नाही आणि एकट्याने निस्तरायची गोष्टही नाही. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कॉलेजचा समुपदेशक, जीएफएम, किंवा ज्या कुणा शिक्षकांशी बोलावंसं वाटेल ते. आम्हाला वेळ असतो. नसला तरी काढतो. रूममेट गप्प झाला असेल तर त्याला थेट विचारा, बरा आहेस का, आणि जेवायला सोबत न्या.

आम्ही पालक. मुलगा फोन उचलत नाही, निकाल सांगत नाही. किती विचारायचं?

दर रात्री ‘अभ्यास झाला का’ विचारू नका, उत्तर ‘हो’ हेच येणार आहे. ‘आज मेसला काय होतं’ विचारा, त्यावर तो दहा मिनिटं बोलेल आणि बाकीचं आपोआप निघेल. हजेरी आणि गुण जीएफएमकडून कळतात. महिन्यातून एकदा त्यांना फोन करा, ते मुलाच्या अपरोक्ष नको, त्याला सांगून. शेजारच्या काकूंच्या मुलाचा सीजीपीए घरात काढू नका. आणि पहिल्या सत्राच्या निकालावर ‘तुला इंजिनिअरिंगला घालायलाच नको होतं’ हे वाक्य कितीही राग आला तरी उच्चारू नका. तोच प्रश्न वरती, पहिल्या क्रमांकावर, त्याने स्वतःला आधीच विचारलेला आहे.

निकाल लागला. एका विषयात अगदी थोडक्यात गेलो. रीव्हॅल्युएशन टाकू का?

आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. तिची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, ती तारीख पोर्टलवर बघून लगेच अर्ज करा. प्रत हातात आली की विषयाच्या शिक्षकांकडे जा आणि त्यांच्यासमोर बसून बेरीज तपासा, न तपासलेलं पान राहिलंय का बघा, पायऱ्यांचे गुण कुठे गेले ते विचारा. त्यांना गुण वाढतील असं वाटलं तर फेरतपासणीचे पैसे भरा. नाही वाटलं तर भरू नका. दोन्ही वेळा ती प्रत जपून ठेवा आणि फेरतपासणीचा निकाल यायची वाट न बघता बॅकलॉगचा फॉर्म भरा, कारण पुष्कळदा तो निकाल फॉर्मची तारीख उलटून गेल्यावर येतो.